उपग्रहाची वेळ आणि दहा वॉटचा आधार

उपग्रहांकडून अचूक वेळ घेणाऱ्या रिसीव्हरला वीज फार लागत नाही. आत स्फटिकाचा ऑसिलेटर असेल तर आठ-दहा वॉट, रुबिडियमचा असेल तर पंधरा-वीस. घरातले एक-दोन एलईडी दिवे जेवढी वीज खातात तेवढीच. पण या दहा-वीस वॉटवर वीज उपकेंद्रांतली रिले आणि बिघाड नोंदवणारी यंत्रे, मोबाइलचे टॉवर, शेअर बाजाराचे सर्व्हर, भूकंपमापन केंद्रे अशी बरीच मोठी व्यवस्था उभी असते. लाईट गेल्यावर या रिसीव्हरचे काय होते, असे देखभाल करणाऱ्यांना विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: "तो यूपीएसवर आहे." हे उत्तर खरे असते, पण अपुरे असते. बॅकअप नेमका कशाचा द्यायचा आणि तो किती वेळ पुरायला हवा, हे त्यातून कळत नाही. वीज पुन्हा आल्यावर काय होणार, हेही कळत नाही. माझ्या मते या विषयातली निम्मी अडचण वीज परत येण्याच्या क्षणापासून सुरू होते.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळे असतात. जमिनीवरच्या रिसीव्हरला जागेचे तीन आकडे आणि वेळ अशा चार गोष्टी काढायच्या असतात, म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात. वेळेसाठी बसवलेला रिसीव्हर मात्र जागचा हलत नाही. काही तास मोजमापे घेऊन, त्यांची सरासरी काढून त्याने आपली जागा एकदा पक्की केली, की पुढे एका उपग्रहावरूनही तो वेळ काढू शकतो. दर सेकंदाला तो एक ठोका देतो आणि हा ठोका काही दशक नॅनोसेकंदांपर्यंत अचूक असतो. तरीही प्रत्येक ठोका किंचित मागेपुढे होतच असतो. त्यासाठी जोडीला एक चांगला ऑसिलेटर ठेवतात. ऑसिलेटर थोड्या काळासाठी अतिशय स्थिर असतो आणि उपग्रहांची वेळ दीर्घकाळासाठी अचूक असते. उपग्रहांच्या वेळेकडे पाहून ऑसिलेटरला सतत हळूहळू वळवत राहायचे, एवढेच या यंत्राचे काम. या क्षेत्रातले लोक त्याला जीपीएसडीओ म्हणतात.

या यंत्रावर दोन अगदी वेगळी संकटे येतात आणि बोलताना त्यांची नेहमी गल्लत होते. पहिले संकट उपग्रह दिसेनासे होण्याचे. अँटेना तुटते, केबलमध्ये पाणी शिरते, कुणीतरी जॅमर लावतो. अशा वेळी ऑसिलेटर स्वतःच्या बळावर चालत राहतो. याला होल्डओव्हर म्हणतात. दुसरे संकट वीज जाण्याचे. त्यात ऑसिलेटरच थांबतो, मग होल्डओव्हरचा प्रश्नच उरत नाही. माहितीपत्रकात चोवीस तासांच्या होल्डओव्हरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि खरेदी करणाऱ्याला वाटते की लाईट गेली तरी चोवीस तासांची चिंता मिटली. तो आकडा यंत्राला वीज मिळत आहे असे धरूनच दिलेला असतो.

तिसरेही एक संकट आहे, पण त्यावर बॅटरीचा काहीच उपयोग नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती प्रसारणात शिरली आणि पंधरा उपग्रह काही तास समन्वित जागतिक वेळेत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक पाठवत राहिले. ब्रिटनमधल्या डिजिटल रेडिओसह अनेक सेवांना त्याचा फटका बसला. अशा चुकीसाठी वेळेचा दुसरा, स्वतंत्र स्रोत हवा. हा वेगळा विषय आहे, म्हणून तो इथेच सोडतो.

आता दोन सेकंदांसाठी लाईट गेली आणि रिसीव्हरला कसलाच आधार नाही, असे धरू. दोन सेकंदांनी वीज परत येते आणि पुढच्या पटलावरचा दिवा पुन्हा लागतो. पाहणाऱ्याला वाटते, काहीच झाले नाही. आत मात्र बरेच काही पुसले गेलेले असते. प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती गेलेली असते. ती उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतात, त्यामुळे ती लवकर भरून येते. सगळ्या उपग्रहांचे पंचांग, म्हणजे अल्मनॅक, पूर्ण मिळायला मात्र साडेबारा मिनिटे लागतात. त्याच साडेबारा मिनिटांच्या फेरीत एकदाच एक छोटी पण फार महत्त्वाची गोष्ट येते: जीपीएसची वेळ आणि समन्वित जागतिक वेळ यांच्यातला फरक. १ जानेवारी २०१७ पासून हा फरक १८ सेकंदांचा आहे. तो हाती येईपर्यंत स्मृती गमावलेला रिसीव्हर फर्मवेअरमध्ये कोरलेला आकडा वापरतो आणि फर्मवेअर जुने असेल तर तो आकडाही जुना असतो. नॅनोसेकंदांची हमी देणारे यंत्र काही मिनिटे पूर्ण एका सेकंदाने चुकीची वेळ आत्मविश्वासाने सांगत राहते आणि खालचे सगळे सर्व्हर ती निमूट घेतात.

तारखेचाही असाच घोळ होतो. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२३ पर्यंतच जाते आणि सुमारे १९.६ वर्षांनी शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये ती शून्यावर आली. सतत चालू असलेल्या काही जुन्या यंत्रांना आपण कोणत्या युगात आहोत हे आठवत असते. वीज जाऊन आली की ती आठवण जाते आणि तारीख जवळजवळ वीस वर्षे मागे पडते.

स्मृतीचे हे नुकसान टाळायला फार मोठी सोय लागत नाही. सर्किट बोर्डावरचा एक बटणसेल पुरतो. आधुनिक रिसीव्हरची स्मृती आणि आतले छोटे घड्याळ जिवंत ठेवायला १५ मायक्रोॲम्पिअरच्या आसपास प्रवाह लागतो. २२० मिलिॲम्पिअर-तासांचा सेल सलग वापरला तरी दीड वर्षाहून जास्त पुरेल, आणि प्रत्यक्षात तो वीज नसेल तेव्हाच खर्च होतो. पण हा सेल कुणाच्या यादीत नसतो. मोठ्या बॅटरी बँकेची तपासणी होते, नोंदवही भरली जाते, आणि दहा वर्षांपूर्वीचा नाण्याएवढा सेल आत मरून पडलेला असतो.

ऑसिलेटरचे दुखणे मात्र बटणसेलने बरे होत नाही. चांगला स्फटिक ओव्हनमध्ये, साधारण ७० ते ८५ अंशांवर, सतत गरम ठेवलेला असतो, कारण तापमान बदलले की त्याची कंपनसंख्या बदलते. वीज गेली की ओव्हन थंड होऊ लागतो. वीज परत आल्यावर तो काही मिनिटांत पुन्हा तापतो, पण स्फटिक नेमका पूर्वीच्या कंपनसंख्येवर येत नाही. त्याला स्थिरावायला काही तास, कधी काही दिवस लागतात. उपग्रह दिसत असतील तर रिसीव्हर त्याला धरून ठेवतो. त्या काळात अँटेनाही गेली, तर मग माहितीपत्रकातला होल्डओव्हरचा आकडा विसरायचा. रुबिडियमचे यंत्र सुमारे पाच मिनिटांत आपल्या अणुरेषेला पुन्हा पकडते, हा त्याचा मोठा गुण. पण तापताना ते नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढते. बॅटरी आणि पुरवठ्याचे आकारमान ठरवताना ही ओढ धरली नाही तर वीज आल्याबरोबर फ्यूज उडतो.

आकड्यांत सांगायचे तर, चोवीस तासांत ज्याची कंपनसंख्या दहा अब्जांत एकाने सरकते अशा स्फटिकावर दिवसाकाठी सुमारे ४.३ मायक्रोसेकंदांची चूक साठते. एक लाख कोटींत एक इतकाच फरक उरलेल्या रुबिडियमवर ती चूक सुमारे ८६ नॅनोसेकंद असते. फोर-जी आणि फाइव्ह-जीच्या टीडीडी जाळ्यांत, म्हणजे एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या जाळ्यांत, टॉवरला वेळेची दीड मायक्रोसेकंदाची मर्यादा पाळावी लागते. म्हणजे असा स्फटिक एक दिवसही पुरत नाही, रुबिडियम आठवडाभर तग धरू शकते. तेही अखंड वीज मिळाली तरच.

या प्रश्नाला निरनिराळ्या क्षेत्रांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. मला सगळ्यांत पक्के वाटते ते वीज उपकेंद्रांचे. तिथे सर्किट ब्रेकर आणि रिले चालवण्यासाठी ११० किंवा २२० व्होल्ट डीसीची बॅटरी बँक असतेच. उपकेंद्राचे जीपीएस घड्याळ थेट तिच्यावर लावायचे, की मध्ये इन्व्हर्टर लागत नाही आणि बदलीच्या क्षणी झटकाही बसत नाही. ही काळजी उगाच घेतलेली नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्याची चौकशी करणाऱ्यांना घटनाक्रम जुळवायलाच फार कष्ट पडले, कारण अनेक नोंदींची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. कोणता ब्रेकर आधी पडला हेच कळत नसेल तर कारण कसे शोधणार? आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेचा ग्रिड दोनदा कोसळला. दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्येचे ग्रिडही त्याच्यासोबत गेले. ग्रिडवर नजर ठेवण्यासाठी आता देशभरात फेजर मापन यंत्रे, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाहाचा कोन मोजणारी यंत्रे, बसली आहेत. आपल्या ५० हर्ट्झच्या ग्रिडमध्ये एक चक्र २० मिलिसेकंदांचे असते. वेळेत ३२ मायक्रोसेकंदांची चूक झाली की कोनात सुमारे ०.५७ अंशांची चूक होते आणि मापनाला दिलेली एक टक्क्याची पूर्ण मर्यादा तिथेच संपते. विशेष म्हणजे ही यंत्रे ज्या क्षणांसाठी बसवली, ते ग्रिड कोसळण्याचे क्षण असतात. वेळ देणारे घड्याळ त्याच क्षणी बंद पडले तर सगळा खर्च वाया गेला.

टेलिफोनवाल्यांची पद्धत जुनी आणि शहाणी आहे: उणे ४८ व्होल्ट डीसी आणि सतत चार्ज होत असलेली बॅटरी. मोबाइल केंद्रांसाठी बनलेले जुने रिसीव्हर म्हणूनच ४८ व्होल्टवर चालतात. टॉवरवरच्या बॅटऱ्या काही तास पुरतील अशाच असतात, त्यापुढे डिझेल जनरेटर. नेहमीच्या भारनियमनाला हे पुरते. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर कोकणात अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज सकाळी दहाच्या सुमाराला गेली, पण ती काही तासांसाठीच. बॅकअप किती तासांचा हवा, हे ठिकाणच ठरवते. सगळीकडे तेच दोन तास लिहून देणारा निविदेचा नमुना कोकणातही चुकतो आणि वांद्रे-कुर्ला संकुलातही.

भूकंपमापन केंद्रांचा प्रश्न याहून अवघड, कारण तिथे मुळात लाईटच नसते. कोयनेचे उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तो परिसर जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या नजरेखाली आहे. तिथले भूकंप उथळ असतात आणि त्यांची जागा शोधायची तर लाट कोणत्या केंद्रावर कधी पोहोचली यातल्या फरकावरून. खडकातून प्राथमिक लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते. एका केंद्राचे घड्याळ दशांश सेकंदाने चुकले तर अंतरात ६०० मीटरची चूक येते, आणि मग भूकंप या भेगेवर झाला की शेजारच्या, हे सांगता येत नाही. डोंगरातल्या अशा केंद्रांवर १२ व्होल्टची बॅटरी आणि सौर पॅनेल असते. सह्याद्रीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, म्हणून पॅनेल आणि बॅटरी पावसाळ्याच्या हिशोबाने मोठी घ्यावी लागते. दुसरा उपाय काटकसरीचा. जीपीएस रिसीव्हर सतत चालू न ठेवता ठरावीक काळाने थोडा वेळ जागा करायचा, वेळ जुळवून घ्यायची आणि पुन्हा झोपवायचा. मधल्या काळात यंत्रातला स्फटिक वेळ सांभाळतो. मिलिसेकंद पुरेसा असेल तिथे ही युक्ती उत्तम चालते. नॅनोसेकंद लागतात तिथे चालत नाही.

कार्यालये, प्रयोगशाळा आणि डेटा सेंटरमध्ये मात्र सरसकट यूपीएस असतो. माझी तक्रार इथे आहे. बॅटरीतली डीसी वीज यूपीएस एसी करतो आणि रिसीव्हरचा ॲडॅप्टर ती पुन्हा डीसी करतो. दोन्ही वेळा वीज वाया जाते. शिवाय दहा वॉटच्या भारासाठी मोठा यूपीएस चालू ठेवला तर तो स्वतःच त्याहून जास्त वीज खातो. स्वस्त यूपीएस आणि घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंदांचा खंड पाडतात. ॲडॅप्टरमधला कपॅसिटर जुना झालेला असेल तर तेवढ्यात रिसीव्हर नव्याने सुरू होतो आणि वर सांगितलेली सगळी कहाणी पुन्हा घडते. सगळ्यांत वाईट म्हणजे हा यूपीएस सामाईक असतो. कुणीतरी त्याच्यावर प्रिंटर जोडतो आणि चार तासांचा हिशोब चाळीस मिनिटांवर येतो.

त्यापेक्षा रिसीव्हरला स्वतःची डीसी बॅटरी द्यावी. हिशोब साधा आहे. १२ व्होल्टवर दहा वॉट म्हणजे रूपांतरातले नुकसान धरून सुमारे एक ॲम्पिअर. चोवीस तासांना २४ ॲम्पिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून फार खाली उतरवायची नाही आणि तिची क्षमता वयाबरोबर घटते हे धरले, तर ६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी घ्यावी. एवढी बॅटरी टेबलाखाली मावते. उन्हाचा विचार मात्र आधी करायला हवा. लेड-ॲसिड बॅटरीचे तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. २५ अंशांना पाच वर्षे टिकेल असे लिहिलेली बॅटरी चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात ठेवली तर ती पाच वर्षे काढणार नाही. चार्जिंगचा व्होल्टेज तापमानाप्रमाणे कमी करणारा चार्जर घेतला तर तिला थोडा दिलासा मिळतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उष्णता जास्त सोसते, जास्त फेऱ्या काढते आणि तिचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो. वेळेच्या यंत्राला हा शेवटचा गुण फार मोलाचा, कारण पुरवठ्याचा व्होल्टेज सरकला की ऑसिलेटरची कंपनसंख्याही किंचित सरकते. लेड-ॲसिडवर बाराच्या वर असलेला व्होल्टेज अकराच्या आसपास घसरत जातो. आत चांगला रेग्युलेटर नसेल तर ती घसरण मोजमापात दिसते. लिथियमचा दोष असा की संपत आली की तिचे संरक्षक सर्किट तिला एकदम तोडते, आधी सूचना मिळत नाही. म्हणून व्होल्टेजवर नजर ठेवणारी घंटी हवी. मेन्स आणि बॅटरी डायोडने एकत्र जोडताना डायोडवर पडणारा व्होल्टही विसरू नये. मॉसफेट वापरणारा आदर्श डायोड घेतला तर ती अडचण राहत नाही. स्विचिंग कन्व्हर्टरचा खरखराट १० मेगाहर्ट्झच्या संदर्भ-सिग्नलमध्ये उतरू नये म्हणून त्याच्या पुढे लिनियर रेग्युलेटर लावणे हे चांगल्या कारागिराचे लक्षण. काही जुन्या यंत्रांत अडचण आणखी वेगळी. हौशी रेडिओवाल्यांच्या आवडीच्या ट्रिम्बल थंडरबोल्टला अधिक १२, उणे १२ आणि ५ असे तीन व्होल्टेज लागतात, त्यामुळे एक बॅटरी जोडून भागत नाही.

रिसीव्हर जगला तरी साखळीतला दुसरा दुवा मरू शकतो, आणि माझ्या मते हीच चूक सगळ्यांत जास्त होते. अँटेनेतल्या प्रवर्धकाला वीज केबलमधून रिसीव्हरच देतो, ती अडचण नाही. पण एका अँटेनेचा सिग्नल चार रिसीव्हरना वाटणारा प्रवर्धक वेगळ्या प्लगवर असतो, आणि तो प्लग नेमका साध्या लाईटवर सापडतो. वेळ पुढे नेणारा नेटवर्क स्विच बंद पडला तर घड्याळ बरोबर असून कुणाला उपयोग नाही. खोलीतला एसी तर बॅकअपवर कुणीच ठेवत नाही. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या बंद खोलीचे तापमान तासाभरात कितीतरी चढते आणि ओव्हनमधला स्फटिकही थोडासा हलतो. त्याच वेळी उपग्रह दिसत नसतील तर होल्डओव्हरची चूक कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच मोठी निघते.

पुढचे चित्र दोन बाजूंनी बदलते आहे. एकीकडे घड्याळेच कमी वीज खाऊ लागली आहेत. २०११ पासून बाजारात असलेले चिपच्या आकाराचे सीझियम अणुघड्याळ सुमारे १२० मिलिवॉटवर चालते. दहा वॉट-तासांच्या एका लहान लिथियम सेलवर ते तीन दिवसांहून अधिक काळ जाईल. समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या भूकंपमापकांत, जिथे उपग्रह दिसतच नाहीत, त्याचा वापर होतो. दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकात एका उच्च दर्जाच्या वेळस्रोताला उपग्रह नसताना १४ दिवस १०० नॅनोसेकंदांच्या आत राहावे लागते. तिथे सीझियमचे मोठे घड्याळ लागते, आणि अशा प्रयोगशाळा-घड्याळांत परंपरेने स्वतःची आतली बॅटरीही असते. ५०७१ए या नामांकित घड्याळात ती सुमारे ४५ मिनिटे पुरते. बनवणाऱ्यांना ठाऊक असते की जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटे महत्त्वाची.

दुसरी बाजू देशाच्या स्वतःच्या वेळेची. नाविक या भारताच्या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली, आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनलेले रुबिडियम घड्याळ गेले. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते. ती अहमदाबाद, बंगळूरु, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रादेशिक केंद्रांतून देशभर पोहोचवण्याचे काम हाती घेतले आहे, आणि सर्व व्यवहारांना तीच वेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण वेळ अमेरिकी उपग्रहांकडून घ्या, आपल्या घ्या की फायबरवरून घ्या, शेवटच्या कपाटात यंत्राला वीज लागणारच. अचूकतेची अट घालणाऱ्या नियमांत विजेच्या आधाराची आणि तो तपासण्याची अटही असली पाहिजे.

या आढाव्यातून एकच काम हाती घ्यायचे झाले तर ते तपासणीचे घ्यावे. ज्यांच्या ताब्यात असा रिसीव्हर आहे त्यांना माझी विनंती आहे: वर्षातून एकदा, आधी सूचना देऊन, कपाटाची मेन्स खरोखर तोडा. निदान ठरलेल्या तासांच्या निम्म्या वेळेपर्यंत तसेच राहू द्या. बॅटरीचा व्होल्टेज, ऑसिलेटरचे तापमान आणि दुसऱ्या स्रोताशी तुलना करून वेळेतला फरक, हे तीन आकडे दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवा. मग वीज जोडा आणि पुढचा अर्धा तास समोर बसून तारीख, सेकंद आणि लॉकचा दिवा पाहा. त्याच दिवशी आतला बटणसेलही बदला.